पाडव्याचं कडू श्रीखंड

पाडव्याला मोठीच्या सासरची मंडळी पुण्याहून पहिल्यांदाच बडोद्याला येणार होती आणि मी घोषणा केली की श्रीखंड मी करणार. बायको म्हणाली, अहो, आणा ना विकतचं, दांडिया बाजारात काय कमी दुकानं आहेत का. पण मला त्यांना दाखवायचं होतं की आम्ही गुजरातेत राहून मठो (श्रीखंडाचा गुजराती अवतार) खात असलो तरी श्रीखंड विसरलेलो नाही. तेही ताज्या अननसाचं. बायकोने डब्यातलं अननस सुचवलं तर मी असं काही बघितलं तिच्याकडे की बिचारी गप्पच बसली.

तीन लिटर दुधाचं दही, रात्रभर पंच्यात टांगलेलं, चक्का पुरणयंत्रातून दोनदा काढलेला. अननस सोलताना मधला दांडा फेकवेना, पैसे मोजलेत आपण, म्हणून दांड्यासकट मिक्सरमधून फिरवलं आणि रात्री नऊला सगळं कालवलं. चव घेतली तर काय सांगू, स्वर्ग! फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून मुरायला दोन तास ओट्यावर ठेवलं, चैत्राच्या तोंडावर, बडोद्यात, मग कोबी बाहेर काढून पातेलं आत सारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं वाढली. व्याह्यांनी पुरीचा घास श्रीखंडात बुडवून तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा आमच्याकडे लग्नाची बैठक फिसकटता फिसकटता राहिली होती तेव्हा झाला होता तसा झाला. मी चाखलं. कडू! कारल्यासारखं नाही, औषधाची गोळी जिभेवर विरघळल्यासारखं, आणि वर पाणी सुटलेलं. आत जाऊन वाटीभर साखर घातली तर ते गोड आणि कडू दोन्ही झालं, म्हणजे आणखीनच वाईट. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, अहो असू द्या, पाडव्याला कडुनिंब खातातच की.

धाकटी एम. एस. युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री शिकते. ती मात्र पातेलं बघून खूश, म्हणाली, बाबा, एन्झाइमची एवढी सरबराई तर आमच्या लॅबमध्येपण होत नाही. अननसात म्हणे ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, प्रोटीन कापणारी कात्री. दुधातलं केसीन हे प्रोटीन म्हणजे लांबच लांब माळ, तिचे बारीक तुकडे पडले की त्यातले बरेच कडू लागतात. आणि ही कात्री झिजत नाही, एक तुकडा पाडला की पुढचा, पगार नाही, सुट्टी नाही. अननस खाऊन जीभ चुरचुरते ना, तेव्हा ते आपल्यालाच खात असतं! (हे ऐकल्यापासून मी फ्रूट प्लेट टाळतो.)

म्हटलं, मग साखर का नाही कापली? तर म्हणे प्रत्येक एन्झाइमचं गिऱ्हाईक ठरलेलं, कुलूप आणि किल्लीसारखं, फिशर नावाच्या जर्मन माणसाने 1894 मध्येच हे सांगून ठेवलंय. मला कोणी कळवलं नाही. मग तिने माझे गुन्हे मोजायला घेतले. गरापेक्षा दांड्यात ब्रोमेलेन जास्त, तो मी प्रेमाने घातला. मिक्सरने पेशी फोडून ते सगळं बाहेर काढलं. ओट्यावरच्या उकाड्यात त्याचा वेग वाढवला. फ्रिजमध्ये ते मंदावतं, थांबत नाही, आणि मी अख्खी रात्र दिली. निदान श्रीखंडाच्या आंबटपणाने तरी मरायला हवं होतं, तर तेवढा आंबटपणा त्याला चालतो. आपल्या पोटातल्या पेप्सिन नावाच्या एन्झाइमला तर कडक आम्लच लागतं, पीएच 2 च्या आसपास, ज्याची त्याची आवड.

मग मरतं कशाने? उकळून. गॅसवर पाचेक मिनिटं शिजवलं की त्याची घडी मोडते, अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर परत पातळ होतो का, तसंच. डब्यातलं अननस आधीच तापवलेलं असतं म्हणून ते चालतं. हे वाक्य तिने आईकडे बघून म्हटलं, आईने माझ्याकडे बघितलं, आणि मी पंख्याकडे.

तरी माझा विश्वास बसेना म्हणून उरलेल्या चक्क्याच्या दोन वाट्या केल्या, एकीत कच्चं अननस, एकीत शिजवलेलं. सकाळी शिजवलेली वाटी छान गोड, कच्ची पुन्हा तशीच.

ती फेकवेना, म्हणून समोरच्या बेनना नेऊन दिली. त्यांनी एक चमचा खाल्ला, डोळे बारीक केले आणि विचारलं, "भाई, आमां मेथी नाखी छे?" (यात मेथी घातलीय का?)

मी हो म्हणून टाकलं.