‘मंडेन’ म्हणजे नुसतं कंटाळवाणं नव्हे

दहावी-बारावीच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या ‘रोज एक इंग्रजी शब्द’ छापाचा एक मजकूर फिरतोय. दापोली-गुहागरकडच्या काही शिक्षकांनीही तो पुढे पाठवलाय. त्यात म्हटलंय की ‘मंडेन’ (mundane) हा शब्द ‘मंडे’वरून आला, कारण सोमवार सगळ्यांनाच नकोसा, त्याचा अर्थ ‘बोरिंग’, ‘ऐहिक’ हा जुना अर्थ आता मेला, आणि शब्द हिणवणारा असल्याने आपल्या माणसांच्या कामाबद्दल तो लिहू नये. मी याच पट्ट्यात इंग्रजी शिकवते. मुलं हे पाठ करताहेत, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

सोमवारचं आधी उरकते. ‘मंडे’ म्हणजे चंद्राचा वार. आपला सोमवारही सोमाचा, म्हणजे चंद्राचाच. ‘मंडेन’चं मूळ मात्र लॅटिन ‘मुंडुस’, म्हणजे जग. तिथून फ्रेंचमार्गे तो 15व्या शतकात इंग्रजीत आला. देवनागरीत दोन्ही शब्द भाऊभाऊ दिसतात, पण म्हणून बघा: ‘मंडे’त जोर ‘मं’वर पडतो, ‘मंडेन’मध्ये ‘डेन’वर.

खरा घोळ आहे तो ‘बोरिंग’चा. मजकुरात उदाहरण दिलंय, ‘आय अ‍ॅम फीलिंग मंडेन टुडे’. असं इंग्रजीत बोलत नाहीत. कंटाळलेला माणूस ‘बोअर्ड’ असतो. मंडेन असतं ते काम, तपशील, अडचण, कारण. आणि तेही रोजचं, व्यवहारातलं असतं म्हणून. शब्दकोश ‘नीरस’ ही छटाही देतात, पण ती या रोजचेपणातूनच आलेली, आणि दर वेळी ती असतेच असं नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने निबंधात आईच्या आमसुलांच्या कामाला ‘मंडेन वर्क’ म्हटलं होतं. हा मजकूर वाचून तिने ते खोडलं आणि वर ‘बोरिंग वर्क’ लिहिलं. आता ते काम काय असतं ते पाहा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं खळ्यात उन्हाला घालायची, मग ती रसात बुडवायची आणि पुन्हा वाळत टाकायची. साल काळपट आणि मऊ होईपर्यंत असं पुटावर पुट द्यायचं. हे सगळं मृगाच्या आत व्हायला हवं. मे महिन्यात आभाळ भरून आलं की सालं गोळा करायला घरातलं प्रत्येक माणूस धावतं. रोज तेच ते, कुणी फोटो काढणार नाही असं, पण संसाराला लागणारं. याला ‘मंडेन’ अगदी बरोबर बसतो. ‘बोरिंग’ कुठून बसणार? साल नुसती बोटांत धरून ‘अजून एक पुट हवं’ असं सांगणाऱ्या बाईचं तिथे पूर्ण लक्ष लागलेलं असतं. एका शब्दाच्या बदलाने मुलीच्या वाक्यात नसलेला तिटकारा तिच्या तोंडी घातला गेला, आणि तोही आईच्या कामाबद्दल. मला राग आला तो याचाच.

दुसरा वापर बंदरावरचा घ्या. एखादी बोट दर्यावर गेली नाही की तर्क सुरू होतात: भांडण झालं, तांडेल (बोटीचा म्होरक्या) आजारी पडला, कुणी काही करणी केली. शेवटी कळतं, डिझेल वेळेवर आलं नव्हतं. इंग्रजीत याला ‘मंडेन एक्स्प्लनेशन’ म्हणतील. गूढ काही नाही, साधं व्यवहारातलं कारण. इथे ‘बोरिंग’ घातलं तर वाक्य कारणाबद्दल न राहता ऐकणाऱ्याच्या कंटाळ्याबद्दल होतं.

‘ऐहिक’ अर्थ मेला म्हणणाऱ्यांनी पाडव्याचं पंचांगवाचन आठवावं. संवत्सरफलात पाऊस, पीक, राज्यकारभार यांचं भाकीत येतं. देशांचं आणि लोकसमूहांचं भविष्य सांगणाऱ्या या शाखेला मराठीत मेदिनीय ज्योतिष म्हणतात आणि इंग्रजीत, आजही, ‘मंडेन अ‍ॅस्ट्रॉलॉजी’. ज्योतिष खरं की खोटं, हा वाद इथे नको. जगाविषयीचं या अर्थाने शब्द चालू नाण्यासारखा वापरात आहे, एवढंच पाहायचं. ‘सेक्रेड’च्या विरुद्ध तो येतो तेव्हाही हाच अर्थ असतो. शिमग्यात पालखी दारी येते ते सेक्रेड. मानकऱ्यांनी बसून केलेला वर्गणीचा हिशोब मंडेन. तो या जगातला आहे म्हणून. हलका आहे म्हणून नाही. जगातलं, म्हणून रोजचं, म्हणून साधं, असा हा अर्थ सरकत आला. आपला ‘लौकिक’ही ‘लोक’ म्हणजे जगावरूनच आला, पण आपल्याकडे तो वर चढून ‘कीर्ती’ही झाला.

हिणवण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. एखाद्या कादंबरीची भाषा मंडेन आहे असं समीक्षकाने लिहिलं तर ती नावाजणी नसते, कारण तिथे काहीतरी वेगळं असावं ही अपेक्षा असते. आमसुलांकडून, हिशोबाकडून, जाळं सांधण्याकडून तशी अपेक्षा कुणी करत नाही. त्यामुळे तिथे हा शब्द वापरताना मुलांनी बिचकू नये. काम खरोखरच जीव नकोसा करणारं असेल तर त्याला ‘टीडियस’ म्हणा, आणि शिक्षकांनी तो मजकूर आणखी पुढे पाठवण्याआधी शब्दकोश उघडावा.