डेटा चहापेक्षा स्वस्त आहे, मग गावाला वेगळं इंटरनेट कशाला? एक प्रतिवाद

गावातल्या इंटरनेटचा विषय निघाला की एक ठरलेला युक्तिवाद हमखास पुढे येतो. भारतात एक जीबी डेटा चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे. टॉवर गावोगाव झालेत. सरकारने ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेलंय, आणि उरलंसुरलं उपग्रहावरून येईल. मग गावाने स्वतःचं सामाईक इंटरनेट, म्हणजे एक जोडणी घेऊन सगळ्या घरांनी वाटून वापरायचं, असं उभारायचं कशाला? पैसे वाया जाणार आणि लोक त्यावर रीलच बघत बसणार. हे इतकं फिरलंय की चांगली जाणती माणसंही मान डोलावतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी चहा. हिशेब खरा आहे. जुलै २०२४च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. ४२ जीबीला २९९, म्हणजे जीबीला सात रुपये. पण सात रुपये टाकून एक जीबी कुणी देत नाही. २९९ एकरकमी मोजावे लागतात, त्या दिवशी न वापरलेला डेटा रात्री बाराला जातो, आणि ‘महिना’ २८ दिवसांचा असल्याने वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज पडतात. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. एका फोनच्या रिचार्जला एक दिवसाचा रोज जातो. घरात आईबाप आणि कॉलेजला जाणारी मुलगी असे तीन फोन असले, तर दर २८ दिवसांनी नऊशे रुपये. ते परवडत नाही म्हणून एकाच फोनला रिचार्ज मारलं जातं, आणि तो फोन बहुधा घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या सुमारे ३८ टक्केच बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ६१ टक्क्यांच्या पुढे होतं. आकडे जुने आहेत, खर्चाचं गणित मात्र तेच आहे.

‘टॉवर आहे ना!’ टॉवर असणं आणि घरात रेंज असणं या दोन गोष्टी आहेत. सह्याद्रीत किंवा सातपुड्यात मध्ये एक डोंगराची सोंड आली की पलीकडच्या पाड्यावर काडीसुद्धा येत नाही. जिथे रेंज येते तिथेही एका टॉवरवर अनेक वाड्या लटकलेल्या असतात. संध्याकाळी सगळे एकदम फोन उघडतात आणि फोरजीचं चिन्ह दिसत असूनही पान उघडत नाही. पावसाळ्यात लाइट गेली की टॉवरची बॅटरी काही तास तग धरते, मग तोही गप्प. २०२५मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळखपडताळणी, सक्तीची झाली, तेव्हा नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात बायकांना ओटीपीसाठी टेकडी चढावी लागली. महिन्याचे दीड हजार रुपये त्या ओटीपीवर अडकले होते. सरकार प्रत्येक हक्काची वाट इंटरनेटमधून काढत असेल, तर ते इंटरनेट दारापर्यंत आणणं ही चैन कशी म्हणता येईल?

आता फायबर, कारण खरी गोम इथे आहे. २०११मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजनेचं पुढे भारतनेट झालं. अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या आणि त्यातल्या दोन लाखांहून जास्त कागदावर जोडल्याही गेल्या. ग्रामपंचायत कार्यालयात गेलात तर भिंतीवर एक लोखंडी पेटी दिसते. आत फायबरचं टोक, एक छोटा डबा, बॅटरी. हिरवा दिवा लागला की यादीत गाव ‘जोडलं’. पण कार्यालयाला संध्याकाळी कुलूप लागतं. पालघरमध्ये किंवा कोकणात एका ग्रामपंचायतीचे पाडे, वाड्या चार-पाच किलोमीटरवर विखुरलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत काहीच जात नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, तर तक्रार तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, आणि दिवा महिनोन् महिने लाल. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले आणि त्यात देखभालीवर भर दिला. नुसतं फायबर पुरलं की काम संपलं, असं सरकारलाही वाटत नाही, हे त्यातून दिसतं.

पेटीपासून पाड्यापर्यंतचं हे शेवटचं अंतर गावाला कापता येतं, आणि ते पालघरमध्येच करून दाखवलंय. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात खामलोली आणि आसपासच्या गावांत दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या लहरींच्या पट्ट्यातली रिकामी जागा वापरून बिनतारी जोडण्या दिल्या. दूरदर्शन सोडलं तर त्या पट्ट्यात आपल्याकडे फारसं कुणी नाही, आणि ती लहर झाडाझुडपांतून बऱ्यापैकी पार होते. पुढे प्रकल्प पंचवीस गावांपर्यंत गेला. २०१७मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या आखणीत पंचायत भागीदार होती आणि सेवा चालवणारा गावातलाच तरुण होता. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते: केबल तुटली तर दुरुस्त करणारा माणूस गावात राहतो. तो दूरचित्रवाणीचा पट्टा पुढे सर्वांसाठी खुला झाला नाही, ही खेदाची गोष्ट. पण २०१८मध्ये वायफायसाठी वापरला जाणारा ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त झालाय. पाण्याच्या टाकीवर एक अँटेना आणि समोर दिसणाऱ्या शाळेच्या छतावर दुसरी, एवढ्यावर काही किलोमीटरची जोडणी होते. मध्ये डोंगर असेल तर एक टप्पा वाढतो.

रीलबद्दल फार बोलायला नको. शहरात फायबर देताना कुणी विचारत नाही की तुम्ही बघणार काय.

उपग्रहाचंही थोडक्यात. जिथे फायबर जाणंच अवघड, तिथे तो जरूर हवा. पण यंत्र आणि मासिक शुल्क प्रत्येक घराने वेगळं भरायचं म्हटलं की तोच रिचार्जचा प्रश्न मोठ्या आकड्यात उभा राहतो. एक तबकडी आणि तिच्यावरून सगळ्या पाड्याला वायफाय, असं केलं तरच त्याचा उपयोग. म्हणजे पुन्हा सामाईक इंटरनेटच.

‘पण एवढ्या परवानग्या कोण आणणार?’ डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या योजनेत किराणा दुकानदार किंवा बचत गट परवान्याशिवाय, शुल्काशिवाय वायफाय विकू शकतो, पाच-दहा रुपयांच्या कुपनावरसुद्धा. योजना रखडली, कारण कंपन्या अशा दुकानदाराकडे महागडी लीज्ड लाइन (खास भाड्याने दिलेली व्यावसायिक जोडणी) घ्यायला सांगत. जून २०२५मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आदेश काढला, की २०० एमबीपीएस वेगापर्यंतचे घरगुती फायबरचे प्लॅन या दुकानदारांना जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यायचे. चार-पाचशेचा प्लॅन दुपटीने घेतला तरी हजाराच्या आत बसतो. पाड्यावरच्या पंचवीस घरांनी महिन्याला पन्नास-पन्नास रुपये दिले, तरी लाइनचं बिल निघून दुरुस्तीला काही उरतं. पुढच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हे तीन प्रश्न घालायला हवेत: पेटीतला दिवा चालू आहे का, बिल कोण भरतं, आणि बंद पडल्यावर कुणाला फोन करायचा.