कान जुळला म्हणून माणूस सापडत नाही

आमच्या भावकीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मेसेज आला, आणि मग तोच चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: जुन्या फोटोतली अनोळखी माणसं घरबसल्या ओळखा, नाक-कान जन्मभर बदलत नाहीत, अ‍ॅपमध्ये चेहरे ८० टक्क्यांच्या वर जुळले की माणूस तोच, फोटो पुसट असेल तर आधी एआयनं साफ करून घ्या. हे वाचून लोक फोटोंच्या मागे बॉलपेननं नावं लिहायला लागलेत, म्हणून हे लिहितेय.

कान बदलतो. १९९५मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या मोजणीत तो वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर वाढतो असं दिसलं, म्हणजे पन्नास वर्षांत सेंटिमीटरभर. त्यात आपल्याकडे दागिन्यांच्या ओझ्यानं कानाची पाळी ओघळते ती वेगळीच. नाकाचा आकार तर कॅमेरा किती जवळ होता त्यावरही ठरतो. जवळून काढलं की नाक फुगतं आणि कान मागे जातात. रंगावरून गोरा-सावळा ठरवणाऱ्यांनी माझ्या पणजीचा फोटो बघावा: कपाळावरचं कुंकू डांबरासारखं काळं आहे, कारण त्या काळी फोटो ज्या काचांवर घेत, त्यांतल्या बहुतेकांवर लाल रंग उमटतच नसे. शिवाय स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत.

आता ते ८० टक्के. हा आकडा दोन चित्रं किती सारखी दिसतात त्याचा आहे. माणूस तोच असण्याची शक्यता ८० टक्के, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि आपण शोधतो कुठे? आपल्याच घरात, जिथे भाऊ-चुलतभाऊ एकाच साच्यातले असतात. आपल्या डोळ्यांवरही फार भिस्त नको. २०११च्या एका प्रयोगात ब्रिटनमधल्या लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे ४० फोटो दिले आणि माणसागणिक गठ्ठे करायला सांगितले. माणसं होती दोनच. गठ्ठे झाले साधारण सात-आठ. ज्यांना ते चेहरे ओळखीचे होते त्यांना मात्र हे सहज जमलं.

आमच्याच घरी काय झालं ते सांगते. पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो आहे, खाली स्टुडिओचा शिक्का, त्यात 'शोलापूर', म्हणजे आपलं सोलापूर. सात गिरणी कामगार, डावीकडून तिसऱ्याच्या हातात धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारं साधन. अ‍ॅपनं त्याला आजोबांचे थोरले भाऊ ठरवलं, ८४ टक्के. चुलतभावानं लगेच मागे नाव टाकलं. मला चेहऱ्यापेक्षा डोकी बघावीशी वाटली. सातांपैकी दोघांच्या डोक्यावर गांधी टोपी आहे. ही टोपी १९२०-२१च्या असहकार चळवळीत रूढ झाली. आणि थोरले आजोबा मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले. घरच्या पोथीच्या शेवटच्या पानावर नोंद आहे, शके १८४०, आश्विन. म्हणजे १९१८. फोटो निघाला तेव्हा ते नव्हतेच.

एआयनं साफ केलेला फोटो जुळवणं तर सगळ्यांत वाईट. जे तपशील फोटोत नाहीत ते एआय आपल्या मनानं भरतं. २०२०मध्ये असल्याच एका प्रोग्रामला बराक ओबामांचा चौकड्या-चौकड्यांचा धूसर फोटो दिला, तर त्यानं एक गोरा माणूस काढून दिला. तो साफ चेहरा तुमच्या आजोबांचा नसतो, यंत्राचा असतो.

चेहरा सारखा वाटला तर जरूर शोध घ्या, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कपडे बघा, पुठ्ठा उलटा करा. चुकीचं नाव लिहिलं की ज्याचा तो फोटो आहे त्याला पुन्हा कुणी शोधत नाही, आणि हे मला फार लागतं. धोटा धरलेल्या त्या माणसाचीही नातवंडं-पतवंडं असतील, कदाचित इथेच सोलापुरात, पूर्व भागात.

बॉलपेनचं नाव पूर्ण जात नाही, मी ते एका रेघेनं खोडलं. खाली पेन्सिलीनं लिहिलं: डावीकडून तिसरे, नाव ठाऊक नाही, हातात धोटा, १९२०नंतर, सोलापूर.