उथळ समुद्राची विल्हेवाट कशी लावावी

आधी समुद्र पारखून घ्या. खोल, मोकळा, भरती-ओहोटीचा समुद्र या कामी कुचकामाचा. तुम्हाला हवं ते इराणचं आखात. सरासरी खोली साधारण 35 मीटर, म्हणजे तळावर बारा मजली इमारत उभी केली तर गच्चीवर पाय कोरडे राहतील. बाहेर जायला होर्मुझची तेवढी एकच वाट, त्यामुळे आतलं पाणी पुरतं बदलायला काही वर्षं जातात. नद्या मोजक्या, पाऊस नावापुरता, आणि ऊन दरवर्षी दीड-दोन मीटर पाणी पिऊन टाकतं. मिठागर तयारच आहे, तुम्ही फक्त आच वाढवायची.

आता भराव. (मुंबईकरांनी हा भाग गाळला तरी चालेल, घरचाच अभ्यास आहे.) दारात वाळवंट असलं तरी त्याची वाळू घेऊ नका. वाऱ्याने घासून तिचे दाणे गोटीसारखे गोल होतात, एकमेकांत रुतत नाहीत, भराव घसरतो. वाळू समुद्रतळातूनच उपसा. 2001 साली सुरू झालेल्या दुबईच्या पाम जुमैरा या कृत्रिम बेटाला सुमारे 9.4 कोटी घनमीटर वाळू आणि 70 लाख टन दगड लागले. ड्रेजरने तळ शोषायचा आणि वाळूमिश्रित पाणी हवेत कमानीसारखं उडवायचं. फोटो सुंदर येतो. वाळू जागेवर बसते, बारीक गाळ मात्र पाण्यात तरंगत राहतो, उजेड अडवतो आणि शेवटी सागरी गवतावर नि प्रवाळांवर बसतो. त्या गवतावर समुद्रगायी चरतात. ऑस्ट्रेलियानंतरचा त्यांचा सर्वांत मोठा कळप इथलाच, पण त्या सदनिका घेत नाहीत. मग भरावात कंपक खुपसून वाळू दाबून घ्या. हा टप्पा चुकवू नका, नाहीतर भूकंपात जमिनीचं पिठलं होईल.

बेटाभोवती दगडी बांध घाला, अगदी सलग. आत पाणी साचून कुजणार हे ध्यानात आलं की दोन्ही बाजूंना फटी ठेवा. पाममध्ये तेच करावं लागलं. ही फट माहितीपत्रकात ‘पर्यावरणपूरक रचना’ म्हणून छापता येते.

बंगले झाले की नळाला पाणी हवं. ते त्याच समुद्रातून काढा. एक लिटर गोडं पाणी काढताना दीड लिटर किंवा त्याहून जास्त खारट पाणी उरतं. ते क्लोरीनसकट, उकळून गोडं करणारा प्रकल्प असेल तर नळ्यांतून झिजलेल्या तांब्यासकट आणि गरमच्या गरम, परत ओता. ते जड असल्याने तळाशी पसरतं, वरून कुणाला दिसत नाही. उन्हाळ्यात इथलं पाणी एरवीच 35 अंशांवर जातं. 1996, 1998 आणि 2017 साली प्रवाळ पांढरे पडले, तेव्हा त्यांना सवय झालेलीच आहे असं समजावं.

सांडपाणीही इथेच सोडा. त्यातल्या नत्र-स्फुरदावर सूक्ष्म शैवालं पोसली जातात. 2008-09 मध्ये कोक्लोडिनियम नावाच्या शैवालाने आखात आणि ओमानचा किनारा आठ महिन्यांहून अधिक काळ लाल केला. मासे मेले, ते ठीक. गाळण्या चोंदून पाणी गोडं करणारे प्रकल्पही बंद ठेवावे लागले, हे मात्र अडचणीचं. म्हणून टाकी मोठी बांधा.

बहरीनमधल्या तुब्ली खाडीचा निम्म्याच्या आसपास भाग भरावाखाली गेला आहे. आपण असं काही केलं तर भरपाईला दुसरीकडे कांदळवन लावावं, शक्यतो अशा चिखलपट्टीवर जिथे ते कधीच नव्हतं. तिथे चरणारे पाणपक्षी हरकत नोंदवत नाहीत.

कायद्याची भीती बाळगू नका. किनाऱ्यावरच्या आठही देशांचा समुद्र जपण्याचा करार 1978 पासून आहे. फक्त हे आखात ‘पर्शियन’ म्हणायचं की ‘अरेबियन’ यावर एकमत नाही, म्हणून सरकारी कागदांत त्याला करार राबवणाऱ्या संस्थेच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रोप्मी सागरी क्षेत्र’ म्हणतात. तक्रार करणाऱ्याचा अर्ज पहिल्याच ओळीत अडतो.