आधी पाचवा हिस्सा, मग मेंढा : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, सलाम. सही म्हणून 'छावनीतला एक वाचक' एवढंच लिहिलंत आणि वय सत्तरीपुढचं सांगितलंत, म्हणून काका म्हणतोय. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात देवाला वाहायच्या अर्पणांचे नियम आहेत; त्या अर्पणांवरचा माझा लेख तुम्हाला रुचला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्ताने एकदाच स्वतःला अर्पण केलं, विषय संपला. आता होमार्पण (वेदीवर पूर्ण जाळायचा पशू), अन्नार्पण (पीठ-तेलाचं) यांचा 'आत्मिक अर्थ' काढत बसणं म्हणजे कृपेतून उठून पुन्हा मोशेच्या नियमशास्त्रात जाऊन बसणं. तेल म्हणजे पवित्र आत्मा, मैदा म्हणजे अमुक, ही जुळवाजुळव कुणालाही जमते. आणि या सगळ्याची गाडी शेवटी रविवारच्या दानाच्या थैलीपाशीच येऊन थांबते. तुमच्या आजोबांना कॅनडाच्या मिशनऱ्यांनी 'कृपा फुकट असते' हे शिकवलं, असंही तुम्ही लिहिलंत.

पहिल्या मुद्द्यावर वाद नाहीच. बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापं दूर होत नाहीत, हे नव्या करारातल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा दहावा अध्याय स्वच्छ सांगतो. यरुशलेमचं मंदिर इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने पाडलं. ते उद्या पुन्हा उभं राहिलं तरी मी तिथे मेंढा घेऊन जाणार नाही. पण तुम्ही जिथे थांबता तिथे ते पत्र थांबत नाही. तेराव्या अध्यायात तोच लेखक म्हणतो की स्तुतीचा यज्ञ नित्य करा, चांगलं करायला आणि आपल्याजवळचं वाटून द्यायला विसरू नका, अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो. प्रायश्चित्त पूर्ण झालं, अर्पण थांबलं नाही.

आता खरा मुद्दा. मला लेवीय पुस्तकात ओढ वाटते ती प्रतीकांमुळे नाही, तिथल्या बारीकसारीक नियमांमुळे. दोषार्पणच घ्या, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान केल्यावर आणायचं अर्पण. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला गुन्ह्यांची यादी आहे: कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू नाकारली, शेजाऱ्याला लुबाडलं, हरवलेली वस्तू सापडली आणि 'मला नाही मिळाली' म्हणून शपथ वाहिली. सगळी फसवणूक माणसाची. तरी शास्त्र म्हणतं, हा परमेश्वराशी केलेला विश्वासघात आहे. उपाय काय? वस्तू परत द्यायची, वर तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा भरायचा, म्हणजे हजार दाबले असतील तर बाराशे. आणि हे याजकाच्या, म्हणजे अर्पणं वाहणाऱ्या पुरोहिताच्या नव्हे, ज्याचं होतं त्याच्या हातात द्यायचं. मेंढ्याचं नाव त्यानंतर येतं.

काका, हा क्रम मला झोपू देत नाही. आपण काय करतो? इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानदाराची उधारी बुडवायची, भावाच्या वाट्याची जागा कागदावर आपल्या नावे करून घ्यायची, आणि रविवारी डोळे मिटून 'प्रभू, क्षमा कर' म्हणायचं. भावाचं नाव त्या प्रार्थनेत येत नाही, रजिस्ट्रीवर तर नाहीच. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात हाच क्रम ठेवला: वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने तर पाचव्या हिश्शावर भागवलं नाही, चौपट परत देतो म्हणाला. आणि तारण आज या घराला मिळालं, हे येशू त्यानंतर बोलला. जक्कयाने तारण विकत घेतलं असं मी म्हणत नाही. कृपा घरात शिरली की तिजोरी उघडते, एवढंच म्हणतो.

मिशनऱ्यांचं निघालं म्हणून सांगतो. 1877 मध्ये इंदुरात काम सुरू करणारे ते लोक प्रेस्बिटेरियन पंथाचे, सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतले. विश्वासणाऱ्याला वाट दाखवणं हाच नियमशास्त्राचा मुख्य उपयोग, असं कॅल्विन मानत असे. तो नैतिक नियमांबद्दल बोलत होता, विधींबद्दल नाही, हे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. पण मग तो पाचवा हिस्सा नीती की विधी, सांगा पाहू.

दुसरी गोष्ट लेवीय पुस्तकाच्याच चौथ्या-पाचव्या अध्यायातली. पाप अजाणता झालं तर अभिषिक्त याजकाने गोऱ्हा आणायचा, अधिपतीने बकरा, सामान्य माणसाने बकरी किंवा मेंढी. ऐपत नसेल तर दोन पारवे. तेही जमत नसेल तर एफा या धान्याच्या मापाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटर, तेलाशिवाय आणि धुपाशिवाय. मूठभर पिठावरही क्षमा! वर चढत जाल तसं पाप महाग होत जातं. आपल्याकडे उलट आहे. कमिटीवरच्या माणसाची चूक 'समजून घेतली' जाते, मागच्या बाकावरच्या विधवेच्या मुलाची मात्र चर्चा वर्षभर चालते.

शांत्यर्पणाबद्दल, म्हणजे ज्याचं मांस आणणाराही खातो त्या अर्पणाबद्दल, तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मला तर तेच सगळ्यांत जवळचं वाटतं. चरबी वेदीवर, ऊर आणि उजवी मांडी याजकाला, उरलेलं आणणाऱ्याच्या घरी. उपकारस्तुतीचं असेल तर ते मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही. एका घराने एका दिवसात अख्खा बैल कसा संपवावा? साहजिकच पाटावर शेजारी हवेत, आणि जुन्या करारातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक सणाच्या पंगतीला लेवी (मंदिरसेवेच्या वंशातला), परका, अनाथ, विधवा यांना आठवणीने बोलावतं. आपल्या कित्येक मंडळ्यांत (चर्चमध्ये) कापणीच्या सणाला भोपळ्याचा आणि केळीच्या घडाचा लिलाव होतो. मजा येते, मीही बोली लावतो. पण भोपळा जातो सर्वांत मोठ्या बोलीच्या घरी. त्याच भोपळ्याची भाजी करून सगळे एका पंगतीला बसले तर ते लेवीय पुस्तकाच्या अधिक जवळ जाईल. करिंथच्या मंडळीवर प्रेषित पौल चिडला तो यावरूनच: प्रभुभोजनाला एक उपाशी, दुसरा प्यायलेला.

प्रतीकांच्या जुळवाजुळवीचा मलाही कंटाळा आहे. माझ्या लेखात तेल आणि मीठ यांवर एकही ओळ नाही, पुन्हा पाहा. जी जोडणी बायबल स्वतः करतं, जसं छावणीबाहेर जाळलेली पापार्पणाची शरीरं आणि वेशीबाहेर दुःख सोसलेला येशू, तेवढीच मी घेतो.

राहिली थैली. तुमचा संशय अस्थानी नाही. मलाखी संदेष्ट्याचं दशांशाचं (उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचं) वचन ज्या सुरात ऐकवलं जातं, त्यात कधीकधी वसुलीचा आवाज येतो. मंदिरात आपलं सर्वस्व टाकणाऱ्या विधवेच्या दोन दमड्यांवर उपदेश होतो, पण त्याच्या अगदी आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलला, ते वाचलं जात नाही. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघांना पाठवलं, त्यातला एक तर मंडळ्यांनीच निवडलेला, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवायला नको. 2 करिंथ 8 मध्ये हे सगळं आहे. तुमच्या मंडळीत हिशेब वाचून दाखवत नसतील तर वार्षिक सभेत हाच अध्याय हातात घेऊन उठा. पाळकसाहेब रागावले तर लेवीय पुस्तकाचा चौथा अध्यायही जवळ असू द्या. त्यात पहिला गोऱ्हा याजकाचा आहे.