लाल-काळ्यावर डबल करत राहा म्हणे!

सोलापूर-गोवा विमान सुरू झाल्यापासून आपल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरायलाय, की कॅसिनोत रूलेटला (आकड्यांच्या फिरत्या चाकावर गोळी कुठं थांबती त्यावर पैसे लावायचा खेळ) लाल नाहीतर काळ्यावर लावा, हरलात की डबल, परत हरलात की परत डबल, एकदा लागलं की सगळं वसूल आणि वर फायदा, ‘चान्स ५०-५० आहे, कॅसिनोवाले काही करू शकत नाहीत’. माझ्या चुलत भावानं हे खरं मानलं, म्हणून लिहितोय.

५०-५० नाहीच मुळात. चाकावर घरं ३७, १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवं शून्य. शून्य आलं की लालवाले पण गेले, काळेवाले पण. एकाच आकड्यावर लावलं तरी तेच, घरं ३७ आणि लागल्यावर नफा देतात ३५ पट. कुठंही लावा, शंभरामागं सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोवाल्यांचे. आणि हे तुम्ही नेलेल्या पैशावर नाही हो, उलाढालीवर. खिशात १०,००० च असू देत, पण तेच पैसे फिरवत ५०० चे १५० डाव खेळलात तर उलाढाल ७५,००० ची झाली, म्हणजे सरासरी २,००० च्या वर तिकडं. मार्केट यार्डातल्या कांद्यासारखं, भाव चढो नाहीतर पडो, अडत ठरलेली.

आता ते डबल. ५०० नं सुरू करून सलग सात डाव हरलात की ६३,५०० गेले, आठवा लावायचा ६४,००० चा, आणि लागला तरी सगळं मिळून नफा किती, तर ५००! त्यात टेबलला लिमिट असतं, त्याच्यावर लावूच देत नाहीत. भाऊ तिथंच अडकला, पैसे घरातल्या लग्नाचे होते. सलग सात कोण हरतंय म्हणाल, तर एकाच रंगावर १५० डाव खेळलात की असं होण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे.

‘पाचदा काळं आलं की आता लालच’ हे पण त्या मेसेजात लिहिलंय. चाकाला मागचं काही आठवत नसतंय. १९१३ ला युरोपातल्या मोंटे कार्लोच्या कॅसिनोत सलग २६ वेळा काळं आलं, लोक लालवर लावत गेले आणि बुडाले.

खाणं-पिणं फुकट म्हणाल तर त्याचे पैसे एंट्रीतच घेतलेले असतात.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढं पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर हा हिशोब पण टाका, दिवाळीनंतर जायचं म्हणून पोरं आत्ताच पैसे गोळा करायलेत.