पिलबॉक्सची वाट लावायची आहे?

इंग्लंडात शेत घेतलंत आणि बांधावर काँक्रीटचा सहाकोनी खोका निघाला? अभिनंदन. 1940च्या उन्हाळ्यात, जर्मन आज उतरतात की उद्या या धास्तीनं, ब्रिटननं असे जवळपास 28,000 पिलबॉक्स (आत बसून गोळ्या झाडायची पक्की ठाणी) आणि तत्सम मोर्चे उभारले. उरलेत साडेसहा हजारांच्या आसपास. तेव्हा संकोच नको, वाट लावणारे तुम्ही पहिले नव्हे. मायदेशातल्या फौजांचा सेनापती जनरल आयर्नसाइड यानं या खोक्यांच्या रांगा आखल्या आणि जुलैत त्याच्या जागी आलेल्या ब्रूकला असली बसून लढाई मुळातच नापसंत! म्हणजे काँक्रीट पुरतं मुरायच्या आत त्यांची किंमत उतरली होती.

ब्रेकर मागवण्याआधी भिंत मोजा. गोळी अडवणारी असेल तर 30 सेंटिमीटर, तोफगोळा अडवणारी असेल तर मीटरभर. टाइप 22 या सहाकोनी नमुन्याचा बारका खोकाही वीस-पंचवीस टन राडारोडा देतो, आणि तो उचलायचा खर्च सरकार देणार नाही.

म्हणून स्वस्त मार्ग: काहीच करू नका. स्लॅबच्या भेगेतून पाणी सळईपर्यंत जाऊ द्या. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, मग काँक्रीटचे पोपडे आपोआप सुटतात. लाकडाच्या टंचाईत कित्येक ठिकाणी सेंट्रिंगला फळ्यांऐवजी विटाच लावल्या आणि त्या तशाच ठेवल्या. त्या बागेच्या कुंपणाला छान दिसतात, खुशाल काढून न्या. आत शेकोटी पेटवायला पोरं येतीलच. तापलेलं काँक्रीट ढलप्या टाकतं, तुमचे कष्ट वाचतात.

एकाच गोष्टीपासून जपून राहा: वटवाघळं. आत गारवा, दमटपणा नि काळोख असला की हिवाळी झोपेला ती हक्कानं येतात, आणि 1981च्या वन्यजीव कायद्यामुळे मग त्यांच्या घराला हात लावता येत नाही. चुकूनही जंग्या (गोळीबाराची भोकं) विटांनी बुजवून वर फक्त एक फट ठेवू नका, दाराला आडव्या गजांची जाळी बसवू नका, भिंतीवर बोटभर अंतर सोडून खरबरीत फळ्या ठोकू नका. एवढं केलंत तर खोका वाचलाच म्हणून समजा.

शेत यॉर्कशरच्या होल्डरनेस किनाऱ्यावर असेल तर तेवढीही चिंता नाही. तिथली चिकणमातीची दरड वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर मागे सरते. खोक्याचा पाया उघडा पडतो, तो कलतो आणि एका वादळी रात्री अख्खाच्या अख्खा खाली जातो. फुटत नाही, नुसता उलथतो. मग जंग्या आभाळाकडे करून वाळूत बसून राहतो. पण तुमच्या सातबाऱ्यावर नसतो, इतकंच.